बार्थेल शंभर, आणि तरीही

मेंदूची प्लॅस्टिसिटी हा आपल्या धंद्यातला सध्याचा सगळ्यात लाडका शब्द. स्ट्रोकच्या पेशंटच्या घरच्यांना धीर द्यायचा झाला की तो हमखास निघतो : मेंदू नव्या वाटा काढतो, व्यायाम सोडू नका, हात हलेल. यात खोटं काही नाही. पण कॅथरीन मालाबू या फ्रेंच तत्त्वज्ञ बाईंनी याच कल्पनेवर वर्षानुवर्षं जे लिहिलं आहे ते वाचलं, की आपण तिचा सोयीचा तेवढा भाग उचलला, हे ध्यानात येतं.

मालाबू यांचा जन्म १९५९ सालचा, अल्जीरियातला. जाक देरिदा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हेगेलवर प्रबंध लिहिला, प्लॅस्टिसिटीची कल्पना त्यांना तिथेच सापडली, आणि मग तत्त्वज्ञानाची माणसं सहसा ज्या वाटेला जात नाहीत त्या मेंदूविज्ञानाकडे त्या वळल्या. लवचीक माणूस मिळेल तो आकार मुकाट घेतो. घडणारा माणूस आकार घेतो तसा देतोही, असा फरक त्यांनी २००४ च्या पुस्तकात केला. आजच्या नोकऱ्यांना पहिल्या जातीची माणसं हवी असतात, हेही त्यात सुनावलं. आपल्या कामाचा खरा भाग मात्र २००७ च्या पुस्तकात आहे. घडण्याच्या जोडीला मोडणं हीदेखील याच मेंदूची करामत आहे, असं त्या तिथे म्हणतात. मोठ्या आघातानंतर कधी कधी असा नवाच माणूस उभा राहतो, की त्याची मुळं आधीच्या आयुष्यात शोधून सापडत नाहीत. फ्रॉइडच्या मते मनातलं जुनं नष्ट होत नाही, झाकलं जातं. म्हणून प्रत्येक लक्षणाला मागची गोष्ट असते. मालाबू यांना हे मान्य नाही. काही जखमांना मागची गोष्टच नसते. अल्झायमर झालेल्या स्वतःच्या आजीला त्यांनी जवळून पाहिलं होतं; पुस्तकातला ठामपणा निव्वळ ग्रंथालयातून आलेला नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर ओपीडीत नेहमी दिसणारं एक चित्र आठवा. दुचाकीवरून पडलेला, कपाळामागच्या भागाला मार लागलेला चाळिशीचा गृहस्थ. चालतो, जेवतो, आंघोळ करतो, जिने चढतो. बार्थेल इंडेक्स शंभरपैकी शंभर. आपण समाधानाने फाइल मिटत असतो, तेवढ्यात बायको हळू आवाजात म्हणते, "चिडत नाहीत, हसत नाहीत. मुलगी दहावी पास झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले बरं, आणि टीव्ही लावला." गृहस्थ शेजारच्याच खुर्चीत आहे. ऐकतो आहे. त्याला काही वाटलेलं दिसत नाही. हा थंडपणा मालाबू यांनी फार नेमका टिपला आहे. आणि आपल्या बार्थेलच्या दहा रकान्यांत त्याला जागा नाही.

मग ती बाई विचारते, "हे पूर्वीसारखे होतील ना?" आपण म्हणतो, वेळ लागेल. पुढचे कित्येक महिने थेरपीची सगळी उद्दिष्टं त्या "पूर्वीसारखे"वर बेतली जातात. जुनी नोकरी, जुने मित्र, जुना स्वभाव. समोर बसलेल्या माणसाला आज काय जमतं, कशात त्याचा जीव थोडा तरी रमतो, हे विचारायचं राहून जातं. मालाबू वाचायच्या त्या यासाठी.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. पुरावा म्हणून त्या फिनिअस गेजकडे जातात, आणि तिथे गडबड होते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी सुरुंग ठासताना या पंचविशीतल्या मुकादमाच्या गालातून शिरून सुमारे सहा किलोची पहार डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण आता हा गेज राहिला नाही, असं ओळखीचे म्हणू लागले. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पुढे १८५२ मध्ये तो चिलीत गेला आणि काही वर्षं तिथे घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकत होता. जनावरं सांभाळायची, उतारू घ्यायचे, परक्या मुलखातले रस्ते काढायचे. मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने हा काळ धुंडाळून असं सुचवलं, की रोजच्या ठरावीक कामाने गेज बराच सावरला असावा. १८६० मध्ये तो फिट येऊन गेला.

नवा माणूस तयार होतो, इथवर मालाबू बरोबर आहेत. पण तो एका फटक्यात पुरा होऊन बसत नाही. घोड्यांना चारा घालता घालताही तो घडत असतो. आपल्यातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना हे सांगायला नको. तत्त्वज्ञ मंडळी अपघाताच्या क्षणापाशी रेंगाळतात. आपली फाइल डिस्चार्जपाशी मिटते. दोघांच्याही नजरेतून सुटतात ती नंतरची वर्षं.

म्हणून एक विनंती. डोक्याला मार लागून दोन वर्षं उलटलेल्या एखाद्या तरी पेशंटच्या घरी फोन करा. तो दिवसभर काय करतो, हे घरच्यांना विचाराच, पण त्यालाही वेगळं विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तशीच लिहा, सारवासारव नको. नावगाव काढून दोन पानांत पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.