स्वस्त दुर्बीण घ्यावी का?
२०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या बोरला जायचं तर दुर्बीण हवीच. पण लालभडक काचांची, ‘२०×५०’ लिहिलेली अजिबात घेऊ नका. पोरांच्या गळ्यात तीच दिसते, जीव तुटतो. वीसपट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही वीसपट वाढतो, आणि ५० भागिले २०, म्हणजे डोळ्यात उतरणारा उजेडाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटर. पहाटे सागाच्या सावलीत सगळं अंधुकच. ८×४२ मध्ये तोच सव्वापाच मिळतो. घेताना दुकानाबाहेर येऊन विजेच्या खांबाकडे बघा: खांब दुहेरी दिसला, डोळे ताणले, तर फुकट मिळाली तरी नको. नावाजलेल्या कंपनीची साधी, सहा-सात हजारांची मात्र बिनधास्त घ्या. पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, तेव्हा घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.