आजारी मूल आणि चित्रपुस्तकाचे शेवटचे पान

गंभीर आजार असलेले मूल बालवाङ्मयात आले, की त्याच्यापुढे बहुधा दोनच वाटा ठेवलेल्या असतात : ते बरे होते किंवा मरते. आजारासह जगत राहणे ही तिसरी वाट कथनाला जणू परवडतच नाही. आपली समीक्षा एकतर या मर्यादेचा करुणरस म्हणून गौरव करते, नाहीतर मुलांना दुःख दाखवावे की दाखवू नये या जुन्याच वादात अडकून पडते. हा वादच मुळात भलत्या जागी उभा आहे. प्रश्न दुःखाच्या मात्रेचा नाही. शेवटच्या पानाचा आहे.

साडाको सासाकीचे उदाहरण घ्यावे. हिरोशिमाची ही मुलगी 1955 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ल्युकेमियाने वारली. एलिनॉर कोअर यांच्या 1977 मधील पुस्तकात तिच्या हातून 644 कागदी क्रौंच होतात आणि उरलेले तिचे वर्गमित्र पुरे करतात. तिच्या भावाची साक्ष मात्र अशी, की तिने हजाराचा टप्पा ओलांडला आणि त्यानंतरही ती घड्या घालीतच राहिली. हिरोशिमाचे शांतता संग्रहालयही हेच सांगते. हा फरक किरकोळ नव्हे. हजार पुरे होऊनही बरी न झालेली आणि तरीही पुढचा कागद उचलणारी मुलगी कथेला पेलली नाही. म्हणून कथेने तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि तिला अपुरेपणाचे प्रतीक केले. सुसान सोन्टॅग यांनी 1978 मध्ये आजाराच्या रूपकीकरणावर घेतलेला आक्षेप येथे अधिकच तीव्र होतो, कारण रूपक होण्यास नकार देण्याइतकाही अधिकार मुलाला नसतो.

याउलट मराठी वाचकांच्या परिचयाचे 'तोत्तोचान' पाहावे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या पुस्तकात पोलिओ झालेल्या यासुआकी-चानला झाडावर चढवण्यासाठी तोत्तोचान शिडी ओढून आणते. तेथे पोलिओ हे नियतीचे चिन्ह नाही; तो शिडीचा प्रश्न आहे. पुढे यासुआकी-चान मरण पावतो, पण त्याचा मृत्यू त्या चढण्याचा अर्थ गिळून टाकीत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की लहान वाचकाला आशा हवी. हवीच. परंतु आशा म्हणजे बरे होण्याचे आश्वासन, हे समीकरण कोणी मांडले? या आक्षेपातला गृहीत वाचक निरोगी असतो. आजारी मूल हे त्याच्या सहानुभूतीच्या शिक्षणाचे साधन ठरते. तेच पुस्तक आजारी मुलाच्या हाती पडते तेव्हा त्यात त्याला एकतर स्वतःचा मृत्यू वाचावा लागतो किंवा खोटे वचन. समीक्षेने या दुसऱ्या वाचकाची दखल क्वचितच घेतली आहे.

शिवाय ही दोन-वाटांची चौकट वास्तवालाही सोडून आहे. 2004 पासून शासनाने एचआयव्हीवरील औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि 1989 मध्ये नगरला सुरू झालेल्या 'स्नेहालय'सारख्या संस्थांच्या छायेत वाढणाऱ्या बाधित मुलांपुढे प्रौढपणाची शक्यता उभी राहिली. ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) लागून असलेल्या केडगावातले मूल उपचारांसाठी पुण्याला जाते, असे समजू. सुमारे 120 किलोमीटरचा तो रस्ता पुन्हापुन्हा तुडवताना त्याचे जे बालपण घडते, ते या कथांत कोठे आहे? गाडीत लागलेली उलटी, रक्ततपासणीच्या रांगेतला कंटाळा, गळून पुन्हा उगवणारे केस, घरी राहिलेल्या धाकट्या बहिणीचा मत्सर, शाळेत मागे पडलेला धडा : यांत ना वीरता आहे, ना करुणा, केवळ दिवस आहेत.

आणि दिवस दाखवण्यास चित्रपुस्तकाइतका समर्थ प्रकार दुसरा नाही. पेरी नोडलमन यांनी 1988 मध्ये दाखवून दिले, की चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकमेकांना मर्यादा घालतात. त्यांच्या फटीतच अर्थ संभवतो. शब्द म्हणतील, 'आज बरे वाटते'. चित्रात उशाशी गोळ्या तशाच असतील. ही संदिग्धता लहान मूलही वाचते, कारण ती त्याच्या घरातली असते. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी मराठी चित्रपुस्तकाला घरातले साधे दिवस दिले. त्या घरात न सांधणाऱ्या दुखण्यालाही जागा मिळाली पाहिजे.

तेव्हा समीक्षकाने अशा पुस्तकाला 'संदेश कोणता' हे विचारणे आता थांबवावे. त्याने एवढेच विचारावे : शेवटचे पान उलटल्यावर हे मूल उद्या सकाळी काय करणार आहे? ज्या पुस्तकाजवळ याचे उत्तर नाही, त्याने मुलाला आजारातून सोडवलेले नसते. स्वतःला मुलापासून सोडवलेले असते.