विकतचें शहाणपण

सांप्रत आमच्या संस्थाचालकांत एक नवी श्रद्धा बळावत चालली आहे. पूर्वीं संस्थेचा कारभार बिघडला म्हणजे चार जाणतीं माणसें एकत्र बसत, वह्या काढीत, एकमेकांवर थोडें तोंडसुख घेत आणि अखेर गळती कोठें आहे तें शोधून काढीत. आतां एक चुणचुणीत विक्रेता येतो, भिंतीवर रंगीत वर्तुळें आणि खांब उमटवितो, व 'तुमचा सारा कारभार तीन महिन्यांत एका पडद्यावर' असें वचन देऊन जातो. या मालास 'बिझिनेस इंटेलिजन्स', म्हणजे धंद्याची बुद्धि, असें भारदस्त नांव आहे. त्या मालाशीं आमचें वैर नाहीं. वैर आहे तें बुद्धि शिवलेल्या सदऱ्यासारखी दुकानांतून तयार आणतां येते या समजुतीशीं. आणि ती समजूत आमच्याच सुशिक्षित वर्गांत अधिक आढळते म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वस्तूवर टीका करावयाची तिचें स्वरूप आधीं नीट सांगणें हा वादाचा पहिला धर्म होय. जमाखर्चाची जुनी रीत ज्यांनीं घरीं किंवा पेढीवर पाहिली असेल त्यांस ही कल्पना अपरिचित वाटूं नये. दिवसभराचा व्यवहार घडेल तसा कीर्दींत उतरावयाचा. कीर्दींतून उचलून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत न्यावयाचा. आणि खतावणीवरून वर्षअखेर ताळेबंद काढावयाचा. कीर्द ही व्यवहार करणाऱ्याची वही, खतावणी ही विचार करणाऱ्याची. संगणकाच्या राज्यांतही हाच भेद आहे. तिकिटाच्या खिडकीवरचें यंत्र एक तिकीट झटपट फाडण्यासाठीं असतें. त्यालाच 'गेल्या दहा पावसाळ्यांत कोणत्या वारीं किती पास निघाले' असें विचारीत बसल्यास खिडकीपुढची रांग खोळंबेल. म्हणून रात्रीं त्या नोंदींची नक्कल काढतात, तिच्यांतील विसंगति दुरुस्त करतात, आणि ती एका वेगळ्या जागीं रचून ठेवतात. ही जागा म्हणजे डेटा वेअरहाउस. आम्ही तिला आंकड्यांचें कोठार म्हणूं.

या कोठाराची कल्पना आयबीएम कंपनींतील बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनीं १९८८ सालीं एका निबंधांत मांडली. बिल इन्मन यांनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत कोठाराचीं चार लक्षणें सांगितलीं: नोंदींची रचना विषयवार असावी, नाना ठिकाणच्या नोंदींचा मेळ घातलेला असावा, प्रत्येक नोंदीवर काळाचा शिक्का असावा, आणि एकदां आंत गेलेली नोंद पुसली जाऊं नये. पुढें १९९६ सालीं राल्फ किंबॉल यांनीं रचनेची एक सोपी रीत लोकप्रिय केली. मधोमध घडलेल्या गोष्टींचें कोष्टक ठेवावें, आणि भोंवतीं 'केव्हां, कोठें, कोण, काय' या प्रश्नांचीं कोष्टकें चांदणीच्या टोंकांप्रमाणें मांडावीं. मग 'जूनमध्यें, कळव्यास, प्रथम वर्गाचे किती पास' हा प्रश्न तीन टोंकें धरून मध्यावर आलें कीं सुटतो. येथवर कोणी सुज्ञ मनुष्य नाक मुरडणार नाहीं, आम्हीही मुरडीत नाहीं.

वादाचा विषय याच्या पुढें आहे. असें कोठार स्वतः बांधावयाचें तर महिनोन् महिने, प्रसंगीं वर्षें लागतात. तेव्हां चतुर कंपन्यांनीं विचार केला कीं, सगळ्यांचे हिशेब जर आमच्याच प्रणालींत लिहिले जातात, तर सगळ्यांचें कोठारही आम्हींच एकदां बांधून कां विकूं नये? सॅप कंपनीनें आपल्या कोठाराबरोबर तयार कोष्टकें दिलीं. सीबेल कंपनीनें ग्राहकांच्या नोंदींसाठीं तशींच केलीं. आणि २००६ सालीं ती कंपनी ओरॅकलच्या पदरांत पडल्यावर हा व्यापार ओरॅकलच्या नांवानें पुढें वाढला. या तयार मालांत चार वस्तु येतात: नोंदी उपसून आणणारे नळ, त्या ठेवण्याच्या फळ्या, त्यांवरून गणित करणारीं सूत्रें, आणि गणिताचें चित्र दाखविणारा पडदा. नळ व फळ्या विकत घ्याव्या. प्रत्येकानें आपली विहीर स्वतःच खणली पाहिजे असा आमचा हट्ट नाहीं. पण तिसरी वस्तु जीं सूत्रें, त्यांच्या पोटांत व्याख्या दडलेल्या असतात. 'ग्राहक' कोणास म्हणावें, 'विद्यार्थी' केव्हां गेला असें समजावें, 'दिवस' कोठें सुरू होऊन कोठें संपतो, या प्रश्नांचीं उत्तरें कोणी तरी दूरदेशीं बसून आधींच देऊन ठेवलेलीं असतात. विकत घेणारा चित्राकडे पाहून मान डोलावतो, आणि त्या उत्तरांवर आपण सही केली याची त्यास वार्ताही नसते.

एक अनुभव सांगतों. एका महाविद्यालयाच्या समितीवर आम्ही होतों. तेथें असाच तयार माल आला, आणि पहिल्याच चित्रानें सर्वांची झोंप उडविली. वरच्या वर्गांतील मुलींची गळती एकाएकीं वाढलेली दिसली. समितीच्या दोन बैठका झाल्या. कोणी वसतिगृहाची सूचना केली, कोणी समुपदेशकाची. आम्हीही स्त्रीशिक्षणावर चार गंभीर वाक्यें बोललों. अखेर कार्यालयांतील जुने हेडक्लार्क दाराशीं उभे होते ते म्हणाले, "साहेब, या मुली गेल्या कोठें? परवां तर सगळ्या परीक्षेला बसल्या. लग्नें झालीं, नांवें बदललीं, एवढेंच." त्या परदेशी सांच्याला माणसाचें नांव आणि आडनांव एवढेंच ठाऊक, मधलें बापाचें अथवा नवऱ्याचें नांव ठेवण्यास त्यांत रकाना नव्हता, आणि आडनांव बदललें कीं माणूस बदललें असा त्याचा सिद्धान्त होता. म्हणून जुनी मुलगी 'गळाली' आणि तीच नव्या नांवानें 'नवीन प्रवेश' म्हणून दाखल झाली. विक्रेत्यास बोलाविलें. तो म्हणाला, दुरुस्ती करतां येईल. मात्र मालाची पुढली आवृत्ति आली कीं ती पुन्हां करावी लागेल, खर्चही पुन्हां पडेल. त्यापेक्षां शिक्षण पुरें होईपर्यंत मुलींनीं नांव बदलूं नये असा नियमच महाविद्यालयानें कां करूं नये?

वाचकांनीं हंसूं नये. या उत्तरांत आमच्या सगळ्या वादाचें सार आहे. पायाच्या मापाचा जोडा मिळाला नाहीं तर पाय छाटावा, हा सल्ला त्या विक्रेत्यानें अगदीं सद्भावानें दिला. आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, समितींतील दोघांनीं तो टिपून घेतला.

आतां कोणी म्हणेल, ही एका सांच्याची चूक झाली; चांगला सांचा प्रत्येक माणसास कायमचा क्रमांक देतो, आणि किंबॉल यांनींच बदलत्या नांवांच्या नोंदी कशा ठेवाव्या याच्या रीति सांगितल्या आहेत. खरें आहे. पण कोणत्या बदलाचा इतिहास ठेवावयाचा आणि कोणता पुसावयाचा, हें ठरविण्यासाठीं ज्या समाजाची ती नोंद आहे त्याचे आचार माहीत असावे लागतात. ते त्या हेडक्लार्कला माहीत होते. सांच्याला नव्हते, आणि लाजेनें कबूल करतों कीं आम्हांसही त्या क्षणीं आठवले नाहींत. चित्र इतकें सुबक होतें कीं, त्याच्यापुढें आमचें रोजचें ज्ञान आम्हांस ओशाळवाणें वाटलें.

आम्ही राहतों ठाण्याच्या खाडीपलीकडे, कळव्यास. येथील प्रत्येक प्रवाशाला एक गोष्ट ठाऊक आहे. कळवा स्थानकांत सकाळची गाडी येते ती आधींच ओसंडून भरलेली. म्हणून पुष्कळ लोक कारशेडपर्यंत चालत जातात आणि तेथून निघणाऱ्या लोकलमध्यें चढतात. कांहीं जण उलट दिशेनें मागच्या स्थानकापर्यंत जाऊन जागा धरतात. या सर्वांच्या मासिक पासावर मात्र 'कळवा' एवढेंच छापलेलें असतें. ज्या शहरांतील रेल्वेला चढतां-उतरतांना नोंद घेणारें फाटक आहे, तेथें प्रवासी कोठें चढला हें यंत्रास कळतें. आमच्या लोकलला तसें फाटक नाहीं. तेव्हां फाटक गृहीत धरून केलेला तयार सांचा येथें आणला, तर तो पासावरचें नांव हेंच चढण्याचें ठिकाण समजेल, आणि कारशेडच्या रुळांत उभा असलेला मनुष्य त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नसेल. तो मनुष्य अस्तित्वांत आहे हें ऑगस्ट २०२२ मध्यें सर्वांस दिसलें. मध्य रेल्वेनें दहा साध्या फेऱ्यांच्या जागीं वातानुकूलित गाड्या सोडण्यास आरंभ केला. तेव्हां कळव्याच्या प्रवाशांनीं कारशेडमधून निघणारी अशी गाडी अडविली, बदलापुरासही निदर्शनें झालीं, आणि थोड्याच दिवसांत त्या दहाही फेऱ्या मागें घेण्यांत आल्या. जी गोष्ट कोष्टकांत रकाना मिळवूं शकत नाहीं, ती कधीं कधीं रुळांवर येऊन उभी राहते.

याहून गंभीर उदाहरण आमच्या गांवांतीलच आहे, आणि तें आम्ही जड मनानें देतों. कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय हें ठाणे महानगरपालिकेचें, पांचशें खाटांचें. ऑगस्ट २०२३ मध्यें तेथें चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, आणि राज्यशासनानें चौकशीसाठीं समिति नेमली. दोषादोषाचा निवाडा करणें हा आमचा हेतु नाहीं. 'अठरा' हा आंकडा समजून घ्यावयास काय काय लागतें एवढेंच आम्ही पाहतों. चोवीस तास म्हणजे कोणते? मध्यरात्रीं दिवस तोडणाऱ्या कोष्टकांत शनिवार-रविवारच्या त्या मृत्यूंचे दोन तुकडे होतात, आणि कोणताच तुकडा तितका भयंकर दिसत नाहीं. त्या वेळीं महापालिकेकडून जी माहिती प्रसिद्ध झाली तींत ठाणे शहराचे सहा, कल्याणचे चार, शहापूरचे तीन, भिवंडी, उल्हासनगर व गोवंडी येथील एकेक, अन्य ठिकाणचा एक, आणि एक अनोळखी, असा तपशील होता. शहापुराहून कळवा हा आजारी माणसासाठीं किती लांबचा पल्ला आहे हें या जिल्ह्यांतील कोणीही सांगेल. म्हणजे रुग्ण कोठून निघाला, वाटेंत कोणत्या दारावरून परत फिरला आणि येथें पोहोंचला तेव्हां त्याची अवस्था काय होती, हे या कोष्टकाचे प्राण आहेत. विम्याचा दावा, बिल आणि खाटेवरचे दिवस मोजण्यासाठीं बांधलेला परदेशी सांचा जसाच्या तसा आणला, तर त्यांत या प्रश्नांना जागा असेलच असें नाहीं. आणि तो अनोळखी? कोठाराच्या शास्त्रांत ज्याचें नांव-गांव कळत नाहीं त्याच्यासाठीं 'अज्ञात' अशी एक ओळ राखून ठेवतात, म्हणजे बेरीज चुकत नाहीं. बेरीज चुकत नाहीं हें ठीक. पण त्या ओळीवर बोट ठेवून 'हा कोण होता?' असें विचारणारा मनुष्य कोणत्याही मालाबरोबर फुकट मिळत नाहीं.

'आंकडे स्वतःच बोलतात' असें म्हणणारांस आमचें हेंच उत्तर आहे. आंकडे बोलत नाहींत. ज्यानें रकाने आंखले तो त्यांच्या तोंडून बोलतो. हान्स पीटर लून यांनीं १९५८ सालीं 'बिझिनेस इंटेलिजन्स' या विषयावर लिहितांना बुद्धीचा अर्थ असा केला होता कीं, समोर आलेल्या गोष्टींचे परस्परसंबंध ओळखून त्या योगें इष्ट हेतूकडे कृति वळविणें. विक्रेते यांतील संबंध तेवढे विकतात आणि हेतूविषयीं मौन धरतात. इष्ट हेतु कोणाचा? रुग्णालयाचा हेतु खाट लवकर रिकामी करणें हा असूं शकतो, आणि शहापूरचा रुग्ण शहापुरासच बरा व्हावा हाही असूं शकतो. दोन्ही हेतूंसाठीं पडदा एकच. रकाने मात्र निराळे.

मग करावें काय? नळ विकत घ्यावे, फळ्या विकत घ्याव्या, पडदाही घ्यावा. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं संस्थेनें आपल्या व्याख्यांची एक वही मराठींत लिहून काढावी. 'गळती', 'प्रवासी', 'दिवस', 'मृत्यु' या शब्दांचा आमच्या येथें अर्थ काय, हें तींत नमूद असावें, आणि खालीं एका जबाबदार माणसाची सही असावी. ती वही लिहितांना अधिकाऱ्यांबरोबर ज्यांच्या हातून नोंद होते तीं माणसें, म्हणजे खिडकीवरचा कारकून, केसपेपर लिहिणारा आणि रात्रपाळीची परिचारिका, बसलींच पाहिजेत. पडद्यावरच्या प्रत्येक आंकड्याखालीं त्याची व्याख्या दिसावी. आणि सांचा व आचार यांत विरोध आला तर कोणी वाकावयाचें, हें विक्रेत्यानें नव्हे, संस्थेनें ठरवावें. हें काम रुक्ष आहे, वेळ खाणारें आहे, आणि त्याचें चित्र भिंतीवर शोभत नाहीं. पण शहाणपण म्हणतात तें यालाच.

त्या महाविद्यालयांतील हेडक्लार्क मागील वर्षीं सेवानिवृत्त झाले. त्यांची जागा भरूं नये, कारण आतां प्रणाली आली आहे, असा ठराव समितीपुढें आला होता. आम्हीं त्याविरुद्ध मत दिलें. ठराव मात्र मंजूर झाला.