आपलं आरोग्य : कोंडा का होतो, आणि जात का नाही?

काळ्या बुरख्याच्या खांद्यावर किंवा अब्बांच्या शेरवानीच्या कॉलरवर पांढरा भुगा दिसला की घरात लगेच बोललं जातं, “डोकं नीट धुत नाहीस वाटतं!” वयात आलेल्या मुलीला तर हे बोलणं फार लागतं. लग्नकार्यात ती एका कोपऱ्यात बसून राहते. म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. कोंडा हा अस्वच्छपणाचा पुरावा नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

कोंडा म्हणजे काय?

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि त्याखाली नवा तयार होत असतो. एरवी हे इतकं बारीक होतं की दिसतही नाही. डोक्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी राहते. ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. त्वचेतून जे तेल पाझरतं त्यावर ती जगते आणि ते तेल फोडताना काही आम्ल पदार्थ तयार होतात. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाहीत, त्यांना खाज सुटते, नवी त्वचा घाईने तयार होते आणि जुनी त्वचा पापुद्र्यांनी गळू लागते. हाच कोंडा.

त्वचेतलं तेल वयात येताना वाढतं, म्हणून कोंडाही तेव्हाच सुरू होतो. पुरुषांमध्ये तो जास्त आढळतो. थंडीत, ताणात, जागरणाच्या दिवसांत तो बळावतो. भुवया, नाकाच्या कडा, कानामागची जागा आणि दाढी इथेही तो होतो.

तेलाचं काय करायचं?

“डोकं कोरडं पडलंय, तेल थाप,” हा दादी-नानींचा सल्ला मायेचा असतो. पण कोंड्याची बुरशी तेलावरच वाढते. रात्रभर तेल चोपडून ठेवलं की पापुद्रे केसांना चिकटून बसतात. कोंडा गेल्यासारखा वाटतो, मात्र आत तो वाढत असतो. तेलाची सवय सुटत नसेल तर धुण्याच्या तासभर आधी, तेही केसांच्या टोकांना लावा. डोक्याच्या त्वचेत जिरवू नका.

लिंबू चोळून उन्हात बसणं टाळा, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. खायच्या सोड्यानेही त्वचेचा दाह वाढतो. पुडीतल्या ‘काळ्या मेंदी’त बहुतेक वेळा केस काळे करणारं रसायन असतं. त्याची ॲलर्जी आली तर खाज सुटते, सालं निघतात आणि लोक त्यालाच कोंडा समजतात.

स्कार्फ, टोपी आणि ओले केस

स्कार्फमुळे कोंडा होतो असं म्हणून मुलींना घाबरवलं जातं. खरा त्रास कापडाचा नसून अडकून राहणाऱ्या ओलाव्याचा आणि घामाचा आहे. केस पूर्ण वाळवूनच स्कार्फ बांधा. आतली टोपी सुती असू द्या आणि ती रोज धुवा. घरी आल्यावर केस मोकळे सोडा. वुजूत मसह करताना लागणाऱ्या ओल्या हाताने कोंडा होत नाही. पुरुषांनीही टोपी आणि उशीचा अभ्रा वरचेवर धुवावा.

शॅम्पू वापरायची रीत

औषधी शॅम्पूच्या बाटलीवर केटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी एक नाव असतं. बाटली आणली तरी गुण येत नाही, कारण आपण फेस केला की लगेच धुऊन टाकतो. औषधाला वेळ द्यावा लागतो.

1. केस ओले करून शॅम्पू केसांना नव्हे, तर डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी लावा. नखांनी खरवडू नका.
2. 3 ते 5 मिनिटं तसाच ठेवा.
3. कोमट पाण्याने धुवा. कढत पाणी नको.
4. आठवड्यातून 2 वेळा, असं 2 ते 4 आठवडे करा.
5. बरं वाटलं की एकदम बंद करू नका. आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवा.

दाढीतल्या कोंड्यालाही हीच रीत लागू आहे. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ही बुरशी डोक्यावरून कायमची जात नाही, म्हणून कोंडा परत परत येतो. “मुळापासून घालवतो” म्हणणाऱ्या महागड्या तेलांवर घरखर्चातले पैसे घालवू नका.

हा कोंडा नसेल तर?

इथे सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. शाळकरी मुलाच्या डोक्यात खपल्या आहेत, गोल चकत्यांत केस तुटताहेत किंवा गळताहेत, तर तो बहुधा डोक्याचा नायटा असतो. तो एकमेकांच्या टोपी-कंगव्यातून पसरतो. नुसत्या शॅम्पूने तो बरा होत नाही, पोटात घ्यायची औषधं लागतात. उशीर केला तर त्या जागी कायमचं टक्कल पडू शकतं.

पांढरे ठिपके केसाला घट्ट चिकटलेले असतील आणि झटकून पडत नसतील, तर त्या लिखा आहेत. जाड, चंदेरी खपल्या कोपरांवर आणि गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या पिवळट खपल्या बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातात. त्या ओरबाडून काढू नका.

मेडिकलवाल्याला विचारून खाज थांबवणारी मलमं आणणं धोक्याचं आहे. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि नायटा असेल तर तो अधिकच पसरतो.

महिनाभर नीट शॅम्पू वापरूनही फरक नसेल, पू किंवा लाली असेल, चकत्यांत केस जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तोवर घरातल्या मुलीला टोमणा मारण्याऐवजी, शॅम्पू लावून घड्याळ बघत 5 मिनिटं तिच्यासोबत बसा.