ध्वनिचित्रफितीतील पाठ आणि वर्गातील गुरू

कोरोना महामारीत २०२० साली महाविद्यालयांचे वर्ग रातोरात मोबाईलच्या पडद्यावर आले. पुढे महामारी ओसरली, वर्ग पुन्हा भरले. परंतु पडदा मात्र कायम राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाविषयी प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. त्यामुळे पाठांच्या ध्वनिचित्रफिती कशा तयार कराव्यात, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा प्रश्न झाला आहे.

वर्गाच्या मागील बाजूस कॅमेरा ठेवून तासाभराचे व्याख्यान टिपले म्हणजे पाठ तयार होत नाही. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख प्रेक्षणांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांहून लहान चित्रफिती विद्यार्थी अधिक लक्षपूर्वक पाहतात, असे त्यात आढळले. खर्चिक स्टुडिओपेक्षा आपल्या टेबलाशी बसून आपुलकीने बोलणारा शिक्षक अनेकदा अधिक परिणामकारक ठरतो, हेही त्यातून दिसले. तात्पर्य, एका चित्रफितीत एकच संकल्पना, स्पष्ट आवाज, मोबाईलवर वाचता येईल असे अक्षर आणि शेवटी विचारप्रवृत्त करणारा एक प्रश्न एवढे पुरेसे आहे. साधनांपेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची.

भारत सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या उपक्रमात प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. म्हणजे चित्रफीत हा शिक्षणाचा केवळ एक भाग आहे. विषयाची मांडणी विद्यार्थ्याने घरी पाहिली, तर वर्गात वाचलेला वेळ शंकानिरसन, चर्चा आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्याची विचारपूस यांसाठी वापरला गेला पाहिजे. तो वेळ केवळ वेळापत्रकातून कापून टाकला, तर संमिश्र शिक्षण हे काटकसरीचे दुसरे नाव ठरेल.

येथेच न्यायाचे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला विद्यार्थ्यांचा. ज्या घरात एकच मोबाईल तीन भावंडांत फिरतो, तेथील मुलाने पाठ कधी पाहावा? त्याच्यासाठी कमी डेटा लागणारी, एकदा उतरवून पुन्हा पुन्हा पाहता येणारी चित्रफीत हवी. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मराठी उपशीर्षके हवीत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती पाहण्याची सोय हवी. दुसरा प्रश्न शिक्षकांचा. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला मोबदला तासांवर मिळतो. सहा मिनिटांच्या पाठामागे त्याचे कित्येक तास खर्ची पडतात. ते श्रम मोजले जावेत, आणि त्याच चित्रफिती पुढे वर्षानुवर्षे वापरून त्यालाच घरी बसविले जाऊ नये, याची लेखी हमी संस्थांनी द्यावी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांचे स्वागत केले. तिनेच १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात, गुणी परंतु गरीब विद्यार्थ्यांना कॅथॉलिक विद्यापीठांत सहज प्रवेश मिळावा, असा आग्रह धरला. ही दोन्ही वचने एकत्र वाचावयास हवीत. आपल्या संस्थांनी नवे माध्यम अवश्य स्वीकारावे. मात्र सर्वांत मागच्या बाकावरील विद्यार्थी नजरेसमोर ठेवूनच कॅमेरा सुरू करावा. प्रभू येशूने समुदायाला उपदेश केला, तसाच विहिरीकाठी एकट्या शोमरोनी स्त्रीशीही संवाद साधला. चित्रफीत समुदायापर्यंत पोहोचेल; त्या एकट्या जिवापर्यंत मात्र गुरूलाच जावे लागेल.