ड्रॅगन कोणी मारला? एका पाठ्यपुस्तकाचा इतिहास

१/ इतिहासात लढाया, सनदा आणि बखरी यांना मानाचे पान मिळते; पाठ्यपुस्तकाकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. ही उपेक्षा किती अनाठायी आहे, हे १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘कंपायलर्स : प्रिन्सिपल्स, टेक्निक्स अँड टूल्स’ या ग्रंथावरून ध्यानात येते.

२/ आल्फ्रेड आहो, रवी सेठी आणि जेफ्री उलमन हे त्याचे लेखक. मुखपृष्ठावर एक चिलखतधारी योद्धा लाल ड्रॅगनशी झुंजत आहे, म्हणून जगभरचे विद्यार्थी त्याला ‘ड्रॅगन बुक’ म्हणतात. हा ड्रॅगन म्हणजे कंपायलर-रचनेतील गुंतागुंत.

३/ कंपायलर हा एक दुभाषा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राच्या आज्ञांत उतरवतो. आधी शब्द ओळखायचे, मग वाक्यरचना उलगडायची (यालाच पार्सिंग म्हणतात), अर्थ तपासायचा आणि अखेरीस यंत्र झपाट्याने पार पाडील अशा आज्ञा रचायच्या.

४/ आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली फोरट्रानचा पहिला कंपायलर सिद्ध केला. त्यात १८ मनुष्य-वर्षांचे श्रम खर्ची पडले, असे ड्रॅगन बुक नोंदवते. आता मात्र बऱ्यापैकी मोठा कंपायलर विद्यार्थीही एका सत्रात लिहू शकतात, असेही तोच ग्रंथ सांगतो.

५/ १८ वर्षांचे श्रम एका सत्रात कसे मावले? चित्र पाहून वाटते, एका शूराने ड्रॅगन लोळवला. खरे उत्तर त्याच्या शस्त्रावर कोरले आहे : ‘एलएएलआर पार्सर जनरेटर’. भाषेचे व्याकरण पुरवले की पार्सिंग करणारा प्रोग्रॅम आपोआप तयार करून देणारे हे साधन.

६/ हे शस्त्र अनेक हातांनी घडवले. १९६५ साली डोनाल्ड क्नूथ यांनी ‘एलआर’ पद्धत मांडली. १९६९ साली फ्रँक डिरेमर यांनी एमआयटीतील प्रबंधात तिला आटोपशीर, व्यवहारात परवडेल असे रूप दिले. पुढे बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन तयार केले.

७/ मग ग्रंथकारांचे कर्तृत्व कोणते? विखुरलेले शोध त्यांनी शिकवता येतील अशा क्रमाने लावले. आहो आणि उलमन यांनी हे काम १९७७ च्या पुस्तकात आरंभले होते. त्यावरचा ड्रॅगन हिरवा होता. दोघांना २०२० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा स्वतःच्या संशोधनासोबत इतरांच्या शोधांचीही ग्रंथांतून सांगड घातल्याचा मानपत्रात उल्लेख झाला.

८/ पण पाठ्यपुस्तक स्मरणशक्तीला वळणही लावते. पार्सिंगला ग्रंथात मोठी जागा मिळाली आणि तेच या शास्त्राचे हृदय, असा अनेकांचा समज झाला. बॅकस यांच्या गटाची खरी चिंता वेगळी होती : कंपायलरने रचलेल्या आज्ञा माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतक्या वेगवान असतील का?

९/ काळाने मुखपृष्ठावरचे शस्त्रही बोथट केले. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरने २००४ साली सी++ साठी आणि २००६ साली सी साठी जनरेटरने बनवलेला पार्सर बाजूला सारून हाताने लिहिलेला स्वीकारला. २००६ सालीच ड्रॅगन बुकची दुसरी आवृत्ती आली. मोनिका लॅम चौथ्या लेखिका झाल्या आणि समांतर गणनेवर नवी प्रकरणे आली.

१०/ म्हणून या आवृत्त्या इतिहासाची साधने म्हणून वाचायला हव्यात. कोणत्या काळाला काय अवघड वाटत होते, हे त्या सांगतात. केवळ संस्थापक आणि संशोधक यांची चरित्रे रचणारा इतिहास, १८ वर्षांचे एक सत्र कसे झाले, हे कधीच सांगू शकणार नाही. ड्रॅगन एकदा मारणे हा पराक्रम खरा. तो कसा मारायचा हे पुढच्या प्रत्येक पिढीला शिकवून ठेवणे, हा त्याहून मोठा.