मेलेल्याचा रंग कोणता?

फ्लोरिडाच्या २००५ सालच्या ‘स्टँड युअर ग्राउंड’ कायद्याची बाजू घेणारे एक मुद्दा हमखास मांडतात. कायद्यात काळा-गोरा हा भेदच नाही; जिवाची वाजवी भीती वाटली, तर घराबाहेरही माघार न घेता गोळी झाडायची मुभा सगळ्यांनाच आहे. जोडीला आकडेही असतात. ‘टॅम्पा बे टाइम्स’ने २०१२ मध्ये सुमारे २०० प्रकरणे तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय आरोपीही गोऱ्यांइतकेच सुटल्याचे आढळले. मग पक्षपात कुठे आहे?

तो त्याच पाहणीत पुढे आहे, पण तेवढे वाचायची तसदी कोण घेतो! मेलेला कृष्णवर्णीय असेल तर मारणाऱ्यांपैकी ७३ टक्के बिनशिक्षा सुटले; गोरा असेल तर ५९ टक्के. कृष्णवर्णीयाच्या हातून मरणारा बहुतेकदा कृष्णवर्णीयच असतो, हे ध्यानात घेतले की त्या ‘समान लाभा’चे इंगित कळते.

सॅनफर्डमध्ये २६ फेब्रुवारी २०१२ रोजी मारला गेलेला कृष्णवर्णीय ट्रेव्हॉन मार्टिन १७ वर्षांचा होता. जवळ स्किटल्सचे पाकीट आणि सरबताचा डबा. पाठलागाची गरज नाही, असे त्याला गोळी घालणाऱ्या जॉर्ज झिमरमनला पोलिसांच्या फोनवरून सांगितले गेले होते. त्याला अटक व्हायला सहा आठवडे लागले. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. त्याच्या वकिलांनी या कायद्याखाली स्वतंत्र सुनावणी मागितली नव्हती, हा आक्षेप खरा आहे. पण ज्युरीला दिलेल्या सूचनांत माघार न घेण्याचा हक्क होताच.

याउलट जॅक्सनव्हिलची कृष्णवर्णीय मरिसा अलेक्झांडर. २०१० मध्ये नवऱ्याला धाक दाखवायला तिने एक गोळी झाडली. कुणाला साधा ओरखडाही आला नाही. तिला या कायद्याचे संरक्षण नाकारले गेले. ज्युरीने १२ मिनिटांत दोषी ठरवले, शिक्षा २० वर्षे! अपिलात निकाल फिरला, पण तोवर तिची जवळपास तीन वर्षे तुरुंगात गेली होती.

स्वसंरक्षणाचा हक्क काढून घ्या, असे इथे कुणी म्हणत नाही. सुखरूप निसटता येत असेल तर आधी निसटावे, आणि पाठलाग करून भांडण ओढवून घेणाऱ्याला भीतीची सबब मिळू नये, एवढेच मागणे आहे. हे अशक्यही नाही. कृष्णवर्णीय अहमद आर्बेरीला गोऱ्यांनी पाठलाग करून मारल्यानंतर जॉर्जियाने १८६३ पासूनचा ‘नागरिकाने अटक करण्याचा’ कायदा २०२१ मध्ये रद्द केला. फ्लोरिडाने मात्र २०१७ मध्ये उलटी वाट धरली: खटल्याआधीच्या सुनावणीत आरोपीचा स्वसंरक्षणाचा दावा खोडून काढण्याचा भार सरकारी वकिलांवर टाकला.